फोटू मीच धाडला

मच्छिंद्रा,

दौंडच्या दवाखान्यात अपंगांच्या जागेवर लावलेल्या तुझ्या गाडीचा फोटू पोलिसांना मीच धाडला. दंड त्यामुळंच आला. तुझ्या दाजींना फाटकापासनं कुबड्यांवर उन्हात चालावं लागलं. गाडी तुझी हाय हे वळखूनच धाडला. पुढारी झालास, पण पाय शाबूत हायेत ना तुझे?

तू म्हणतोस, वॉचमननं चुगली केली. डॉक्टरला सांगून त्या नथानिएलला कामावरनं काढलंस. त्यानं तर दाजींना खुर्ची आणून दिली होती.

माहेर तुटंल म्हणून मी आठ दिस गप बसले. हे पत्र टपालात टाकते, पण तुझ्या उत्तराची वाट बघत बसायला जीव थाऱ्यावर न्हाई. डॉक्टरकडं निघाले, माझं नाव सांगायला. दिवाळीला मला घरात घ्यायचं का न्हाई, ते तू ठरव.

तुझी,
साखरआक्का