सोमवारचा पोशाख

दा नांग, व्हिएतनाम
१७ सप्टेंबर २०२४

ती. सिंधुअक्का यांस,
दीपमालाचा सा. न. वि. वि.

मी इथं सुखरूप आहे. शाळा चांगली, खोली हवेशीर. खालची भाजीवाली रोज शेपूसारखं काहीतरी हातात देते आणि मी रोज ते वरणात घालते. अव्वांचं पत्र वेगळं लिहिलंय. त्यांना फोनवर ऐकू येत नाही आणि मोबाइलच्या काचेवरचं वाचवत नाही, म्हणून ठरल्याप्रमाणं दोन्ही पत्रांचे फोटो तुम्हाला पाठवते. अव्वांचं तेवढं झेरॉक्सच्या दुकानात छापून लातूरला पोस्टानं धाडा. हे मात्र तुमच्याजवळच ठेवा.

कारण गोष्ट कपड्यांची आहे. आपण नांदेडच्या अमीरबीकडून सहा कुर्ते शिवून घेतले होते, राखाडी, बिस्किटी आणि पांढरे. परक्या मुलखात बाईमास्तरनं काय घालावं यावर नणंद-भावजयींनी केवढा खल केला होता! खांदे झाकले, गुडघे झाकले, गळा बंद केला. रंगाकडं लक्षच गेलं नाही, कारण तुमचा भाऊ गेल्यापासूनच्या तीन वर्षांत मी दुसरा रंग घातलाच नव्हता.

इथं दर सोमवारी सकाळी सगळी शाळा झेंड्यापुढं उभी राहते आणि त्या दिवशी बायका आओ याय घालतात. म्हणजे आपल्या पंजाबी ड्रेसचाच लांबचा नातलग. अंगाबरोबर शिवलेला, ताठ कॉलरचा, घोट्यापर्यंतचा झगा आणि खाली सैल सलवार. मोठ्या मुलींचा पांढरा, शिक्षिकांचा रंगीत. मी आपली पांढरा कुर्ता घालून गेले, तर कुणाच्या तरी आजीनं मला दंडाला धरून मुलींच्या ओळीत नेऊन उभं केलं. छत्तिसाव्या वर्षी पुन्हा दहावीत बसले. हसू नका.

पण वर्गात हसण्यासारखं नव्हतं. मुलींच्या गणवेशाचं सोडलं तर इकडं घरात कुणी गेलं की पांढरं घालतात. एका मुलीनं इंग्रजीत, अगदी शिकवल्यासारखं पूर्ण वाक्य करून विचारलं की बाई, तुमच्या घरी कोण वारलं. कपाळावरच्या विभूतीला मुलं खडूची भुकटी समजतात. एकीनं पुसायला ओला कागद आणून दिला.

आमच्या उपमुख्याध्यापिका हुओंगबाईंनी चहा पाजून समजावलं की शिकवणं उत्तम आहे, पण मुलं तुमच्याजवळ दबकत येतात, दुखवट्याला आल्यासारखी. सोमवारी तरी रंगीत घाला. माझी तीन महिन्यांची उमेदवारी वीस नोव्हेंबरला, त्यांच्या शिक्षकदिनाला, संपते. कायम करायचं की परत पाठवायचं ते त्या दिवशी ठरणार.

परत आले तर लातूरच्या क्लासमध्ये पुन्हा तासावर इंग्रजी शिकवीन, त्याचं काही नाही. पण सासू असून ज्या अव्वांनी सगळ्या भावकीला अंगावर घेऊन मला विमानात बसवलं, त्यांना मी इथं येऊन रंगीत कपडे घातलेले कळले तर? काय करू ते तुम्हीच सांगा.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नका.

तुमची
दीपमाला

*

नांदेड
२५ सप्टेंबर २०२४

चि. दीपमाला हिस,
सिंधुचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग घाबरले. अमीरबीला सांगितलं तर ती म्हणाली की तिला तेव्हाच वाटत होतं, एवढे फिके रंग शिवता शिवता तिच्या मशीनलाच झोप येऊन राहिली होती. आता शहाणपण सांगते, तेव्हा शिलाई घेताना गप्प होती.

पण मी तरी काय करणार? कापड घ्यायला निघताना अव्वाला विचारलं, तर ती एवढंच म्हणाली की पोरीला शोभंल असं घे. अव्वाचं शोभणं म्हणजे काय ते तुला-मला माहीत आहे. बाबा गेले त्याला एकतीस वर्षं झाली. तेव्हापासून तिच्या अंगावर राखेच्या रंगापलीकडं मी काही पाहिलं नाही.

त्यात परवा आम्ही दोघी औशाला बारशाला गेलो होतो. भावकीतले महादेवप्पाकाका भर पंक्तीत बोलले की विधवा सून परदेशी धाडली, आता ती तिथं काय नेसते न् काय सोडते ते कुणी बघितलंय. अव्वा पानावरून उठली. काकांच्या जवळून तशीच तरातरा बाहेर गेली आणि लातूरपर्यंत बसमध्ये माझ्याशी एक शब्द बोलली नाही. तिचं तोंड बघून मला नांदेडची गाडी कधी मिळते असं झालं.

तेव्हा माझं ऐक. आओ याय शिव, पण फिका. साप मरावा आणि काठीही मोडू नये. फोटो कुणालाही पाठवू नकोस, मलाही नको, माझ्या पोटात काही राहत नाही.

जपून राहा. आठवण काढत जा, आम्ही काढतोच.

तुझी
सिंधुअक्का

*

दा नांग
२३ ऑक्टोबर २०२४

ती. सिंधुअक्का यांस,
दीपमालाचा सा. न. वि. वि.

दिवाळी जवळ आली. इथं कुणाला त्याचा पत्ता नाही. अव्वांच्या पत्रात मी फक्त हवापाणी आणि शुभेच्छा लिहिल्यात. खरं ते तुम्हाला लिहिते.

हुओंगबाई मला जवळच्या होई आन गावी शिंपिणीकडं घेऊन गेल्या. तिथं गल्लोगल्ली शिंपीच. माप घेताना तिच्या हाताला माझ्या गळ्यातलं लिंग लागलं. मी खुणांनी सांगितलं की हा माझा देव, दिवसरात्र अंगावर असतो. तिनं मान डोलावली आणि त्या घट्ट गळ्याखाली देवासाठी बोटभर जागा सोडली. शाळेतली मुलं विभूतीला अजून खडूच म्हणतात, पण या बाईला ते कळलं म्हणून मला भरून आलं.

तुमच्या सांगण्याप्रमाणं मी राखाडी मागितला. तिनं तो तागा उचलून आतच नेऊन ठेवला आणि माझ्यापुढं सगळं दुकान पसरलं. मी डाळिंबीवर बोट ठेवलं. कसं ठेवलं माझं मलाच कळलं नाही.

तो शिवून आला, त्यावर दोन सोमवार गेले. दाराच्या खुंटीला लटकलाय. एकदा कडी लावून घातला. अक्का, खोटं कशाला बोलू, आरशापुढून हलावंसं वाटेना. मग अव्वांचं पानावरून उठणं आठवलं आणि काढून ठेवला.

आता हुओंगबाईंनी शेवटचं विचारलंय. फिका शिवून दोन्हीकडं फसवाफसवी करणं मला जमणार नाही. आणि डाळिंबी घालून अव्वांना चारचौघांत मान खाली घालायला लावणार नाही. नोकरी दुसरी मिळेल, अशी सासू मिळणार नाही. वीस तारखेच्या आत राजीनामा देते आणि परत येते. अव्वांना सांगू की हवा मानवली नाही.

रागावू नका. रागावलात तरी माझ्याच राहा.

तुमची
दीपमाला

*

नांदेड
४ नोव्हेंबर २०२४

चि. दीपमाला हिस,
सिंधुचे आशीर्वाद.

माझ्या हातून घोटाळा झाला. दिवाळीच्या गडबडीत झेरॉक्सवाल्याकडं दोन्ही पत्रं छापून घेतली, घरी चकल्या तळता तळता पाकीट बंद केलं आणि लातूरला टाकलं. आज बघते तर माझ्याकडं हवापाणी आणि शुभेच्छा! तुझं ते पत्र अव्वाकडं गेलंय.

शेजारच्या माणिकप्पांना फोन केला. ते म्हणाले की म्हातारी दोन दिस झालं वसरीवर पत्र घेऊन बसून हाय, चष्मा पुसू पुसू वाचून राहिली, कुणी इचारलं तर सांगंना. मी येत्या रविवारी जाणार होते, पण आता हिंमत होईना.

तू एवढं कर, तिचं उत्तर येईपर्यंत राजीनामा देऊ नकोस. तीस वर्षं शाळेत पोरांची वह्या-पुस्तकं नीट वाटली आणि दोन पत्रं वाटता आली नाहीत.

मला क्षमा कर आणि तरीही पत्र पाठव.

तुझी
सिंधुअक्का

*

लातूर
७ नोव्हेंबर

चि. दीपमाला हिला,
गुणाबाईचा पोटभर आशीर्वाद.

मी चौथी शिकलेली बाई. अक्षराला नावं ठेवू नको, तू इंग्रजीची मास्तरीण असलीस तरी.

तुझं पत्र वाचलं. आत नाव सिंधुचं होतं, पण पाकिटावर माझं होतं, म्हणून वाचलं. चार येळा वाचलं. सिंधुला बोल लावू नको, तिच्या हातून आजवर एवढं चांगलं काम झालं नव्हतं.

शोभंल असं घे म्हणले ते शोभावं म्हणूनच म्हणले गं. तुला गडद रंग लई खुलून दिसतंय. सिंधुनं राखाडी कापडं आणली तवा मला वाटलं, पोरीच्याच मनात तसं असंल. मन्मथ गेला तवा तूच आपल्या हातानं रंगीत साड्या पेटीत घातल्यास. मी दारात उभी राहून बघत होते. नको ठेवू म्हणावं वाटलं. पण दुःख ताजं, तुला रंग डोळ्यापुढं नको वाटत असंल, म्हणून गप्प बसले. तू माझ्यासाठी घालंना आन मी तुझ्यासाठी बोलंना. तीन वर्सं एका घरात एकमेकीचा मान राखत बसलो. लई शहाण्या बाया आपण दोघी!

औशाला मी लाजून उठले न्हाई. उठून महादेवप्पाच्या कानाशी गेले आन म्हणले की माझी सून काय नेसती ते बघायला तिकिट काढून जा, तेवढं इंग्रजी येत असंल तर. मग तिथलं अन्न खावंसं वाटंना. बसमधी बोलले न्हाई कारण इंजिनाच्या आवाजात मला काय ऐकू येतंय? सिंधुला एवढं कळू नये? लातूरला उतरून ष्ट्यांडावर गरम भजी खाल्ली, एकटीनं.

आता कामाचं. राजीनामा दिलास तर मी दार उघडणार न्हाई. सोमवारी डाळिंबी घाल. कपाळाला विभूती लाव, पोरं खडू म्हणली तर म्हणू दे. लिंगाला शिंपिणीनं जागा ठेवली, चांगलं केलं. लोक बोलतेत, ते तू फाटकं नेसलीस तरी बोलतील.

रात न् दिवस तुझी काळजी असती. ती करू दे, मला दुसरं काम न्हाई.

तुझी
अव्वा

*

दा नांग
२१ नोव्हेंबर २०२४

ती. अव्वा यांस,
दीपमालाचा शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

तुमचं पत्र अक्कांच्या फोनवरून आलं तेव्हा मी मधल्या सुट्टीत होते. वाचलं आणि खुर्चीतच रडत बसले. हुओंगबाई पाणी घेऊन धावत आल्या. त्यांना वाटलं, घरी काही वाईट घडलं. मी सांगितलं की सासूचं पत्र आहे. त्यांनी आणखी काळजीनं माझ्याकडं बघितलं. मग सगळं समजावून सांगितलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की त्यांचाच चहा सांडला.

पुढच्या सोमवारी डाळिंबी घातला. मुली ओळ मोडून माझ्याभोवती गोळा झाल्या. त्या दिवसापासून माझ्या टेबलाभोवती उभं राहायला जागा नसते. दबकणं तर गेलंच, आता गप्प बसवावं लागतं. आणि काल शिक्षकदिनाला, फुलांचे गुच्छ मावेनात म्हणून बादलीत ठेवायची वेळ आली असताना, मला दोन वर्षांच्या नोकरीचा कागद मिळाला. अव्वा, छातीवरचा दगड उतरला. तीन वर्षांत पहिल्यांदा मी आडवी होताच झोपले.

एक विचारायचं आहे. मी त्याच शिंपिणीकडं तुमच्यासाठी रेशमी कापड घ्यायला गेले होते आणि दुकानात उभी राहून मला लाज वाटली. अकरा वर्षं तुमच्या घरात राहिले, तुमचा आवडता रंग मला माहीत नाही. अक्कांना फोन केला, त्यांनाही माहीत नाही. कुणी विचारलंच नाही का हो तुम्हाला? राखाडी मी आणणार नाही, ते आधीच सांगते.

रंग कळवा. तुमचा हात डोक्यावर राहू द्या, मग मला कशाची भीती नाही.

तुमची
दीपमाला

*

लातूर
२ डिसेंबर

चि. दीपमाला हिला,
गुणाबाईचा आशीर्वाद.

कागद मिळाला ते वाचून माणिकप्पाच्या घरी पेढे दिले, आन सिंधुकरवी महादेवप्पाकडं बी धाडले, मुद्दाम.

तू रंग इचारलास. खरं सांगू का, दोन दिस मला आठवंना. कुणी इचारलं न्हाई हे खरं, पण मी बी कुणाला सांगितलं न्हाई. तुझ्या सासऱ्याला बी न्हाई. मग काल शेतावर गेले, अन् बांधावर उभी राहिल्यावर आठवलं.

करडई फुलली की शिवाराला जो रंग येतो, तो. थोडा पिवळा, थोडा शेंदरी. कापड पाच वार आण, सहा नको, मी आता आखडले. लोकाला काय वाटंल ते मी बघते.

तुझी
अव्वा