शेकर की चमचा

३ जून, मंगळवार
बारमधल्या नोकरीच्या पहिल्याच दिवशी मास्तरांनी खरडपट्टी काढली. जिन आणि व्हर्मूथ नावाची वाइन मी शेकरमध्ये, म्हणजे झाकणाच्या पेल्यात, घालून दणकून हलवलं. बारवरचे हे जुने उस्ताद ग्लास उजेडात धरून म्हणाले, "हे पेय आहे की फरशी पुसलेलं पाणी?" गढूळ झालं होतं खरं. वर बर्फाचा चुरा! सहा आठवड्यांनी मला ठेवायचं की नाही, ते मास्तर सांगणार. झालं कल्याण!

४ जून
दिवसभर नुसतं ढवळलं. लांब चमचा, बर्फाचे मोठे खडे, तीस फेरे. "बर्फाला कळता कामा नये," म्हणे! पण तीच जिन, तेच माप — काचेसारखं स्वच्छ, जिभेवर जड आणि मऊ. माझा तोरा उतरला.

९ जून
घरी सराव. मी चहा ढवळत बसले होते. आई म्हणाली, "अगं, साखर घातलीच नाहीये अजून."

१७ जून
आज मीही ठणकावून सांगितलं — लिंबू असेल तर हलवायलाच हवं. हवा मिसळते, आंबटपणा मवाळ होतो. अंड्याचा पांढरा भाग असेल तर आधी बर्फाशिवाय हलवायचं, मग बर्फ घालून, तेव्हा कुठे फेस धरतो. मास्तर तेही ढवळूनच देतात! पातळ पाणी, वर अंड्याच्या तारा. गिऱ्हाईक बिचारं डोळे मिटून पितं.

"शेकर म्हणजे खुळखुळा," मास्तर म्हणाले. हट्टी माणूस. आपलं तेच खरं.

२ जुलै
दुपारी बारच्या मालकीणबाई आल्या. "अंड्याचं, आंबट. दोघंही एकेक करा."

मास्तरांनी शेकर उचलला. छातीपर्यंत. तिथेच थांबला. चेहरा पांढराफटक.

म्हणजे तत्त्व वगैरे काही नाही — खांदाच वर जात नाही! मला हसू फुटणार होतं, पण त्यांचे डोळे बघून फुटलं नाही. फार वाईट वाटलं. "मास्तर मला आधी करायला लावतात, मग चुका काढतात," असं काहीतरी बोलून मी त्यांच्या हातातला शेकर घेतला. दोन्ही मीच हलवले. दोन बोटं फेस उभा राहिला.

३ जुलै
तीन वर्षं झाली म्हणे खांदा धरून. कुणाला सांगितलं नाही. मला एवढंच म्हणाले, "हात मोकळा आहे तुझा." आणि पुन्हा चमच्याच्या चुका काढायला लागले.

१५ जुलै
मी कायम झाले! मास्तर आज आलेच नाहीत. मालकीणबाईंनी त्यांची चिठ्ठी दाखवली : "पोरीला ठेवा. ढवळता येतं, हलवताही येतं. बारवर एक माणूस पुरे."