तुमची एस्पेरांतो, त्यांची सर्बियन

बाबा, सर्बियाहून आलेल्या त्या शेवटच्या पत्रात काय लिहिलं होतं, ते मला आता कळलं आहे. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली, मायला जाऊन दोन. तिची पेटी आवरताना लुगड्यांच्या तळाशी ते पाकीट सापडलं. तुम्ही ते फेकून दिलं असेल असंच मी धरून चालले होते.

डोणगावच्या त्या छापखान्यात तुम्ही लग्नपत्रिकांसाठी शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचात. एस्पेरांतो तुम्ही पोस्टाने शिकलात. जगातल्या सगळ्यांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून एका माणसाने बसून घडवलेली भाषा, असं तुम्ही मला पहिल्यांदा सांगितलंत तेव्हा मी चौथीत होते. माझ्या वाढदिवसाला तुम्ही उरलेल्या पत्रिकांच्या जाड कागदावर शब्द छापून, शिवून, एक छोटासा कोश दिलात. त्याच्या प्रत्येक पानामागे कुणाच्या तरी लग्नाचा गणपती होता. सोळा नियम, अपवाद एकही नाही. नाम असेल तर शेवटी ओ. मी जाते, तो जातो, ते जातात, सगळ्यांना एकच ‘इरास’. मी चुलीपाशी बसून पाठ करते आहे, माय भाकर थापते आहे. बाप म्हणजे ‘पात्रो’, आई म्हणजे ‘पात्रिनो’. मायचा हात थांबतो.

“म्हंजे माय बापापासून बनवली? काऊन? पोरं कोन पैदा करते?”

तुम्ही खूप हसलात.

सर्बियातल्या रेल्वे कारखान्यात काम करणाऱ्या तुमच्या पत्रमित्राची एस्पेरांतोतली पत्रं तेव्हापासून यायची, वर्षाला पाच-सहा. दोघांची भेट कधीच झाली नाही. तुम्ही त्याला त्याच्या मातृभाषेबद्दल विचारलंत आणि त्याच्या उत्तरांची एक वही केलीत. डावीकडे एस्पेरांतो, उजवीकडे सर्बियन. डावी बाजू दोन पानांत संपली, उजवी संपेना. सात विभक्त्या, तीन लिंगं, दोन लिप्या. दोन भावांना एक रूप आणि पाच भावांना वेगळंच. “हे चिंचेचं झाड आहे,” तुम्ही म्हणालात, “फांदी कुठून कुठं गेली, पत्ता लागत नाही. अन् आपली एस्पेरांतो म्हंजे सऱ्या पाडलेलं वावर.” जसं बोलावं तसंच लिहावं, एवढं एकच दोन्हीकडे सारखं सापडलं. त्याखाली तुम्ही लाल रेघ ओढली होती.

मग मी पुण्याला शिकायला गेले. वसतिगृहात पहिल्याच आठवड्यात ‘मले’ म्हणाले आणि खोलीतल्या मुली इतक्या हसल्या की त्यानंतर मी महिनाभर जपून, मोजकंच बोलले. दिवाळीला घरी आले ती ‘मला, तुला’ घेऊनच. छापखान्यात गिऱ्हाईक बसलं होतं, तुम्ही म्हणालात, “मले तो कागद दे.” मी कागद देता देता म्हणाले, “मला. मले नाही, बाबा.” गिऱ्हाईक खाली बघायला लागलं. ते गेल्यावर तुम्ही खिळ्यांवरची नजर न काढता बोललात. “मले म्हनलं तं तुले समजलं नाही का? समजलं म्हून तं कागद देला.” आणि पुढची ओळ जुळवत, “एस्पेरांतो कोनाचीच मायबोली नाही, बेटा. म्हून तिच्यात कोनाचं हसू होत नाही.”

तुमच्या त्या नादाचा उगम मला त्या दिवशी समजायला हवा होता. मला फक्त राग आला.

पुढे मी पुण्यातच नोकरीला लागले. तुमच्या छातीचं दुखणं वाढलं, छापखाना सुटला, आणि त्याच सुमाराला मित्राची पत्रं थांबली. दीड वर्षाने एक पाकीट आलं. पाठवणाऱ्याचा पत्ता ओळखीचा, आतलं अक्षर अनोळखी, लिपीही वेगळी. तुम्ही खाटेवर उशीला टेकून, चष्मा वर-खाली करत इंग्रजी अक्षरांच्या अंदाजाने वाचत होतात. “हे पाह्य, दुसरा शब्द. गे-बे-पे. हे गेबेपे काय आहे?” मग पाकीट माझ्या हातात दिलंत. “पुन्यात कोनाकडून वाचून घेजो.”

मी सुट्टी संपवून पाकीट घेऊन गेले, पुढच्या सुट्टीला परत आले. तुम्ही विचारलंत. मी म्हणाले, “पुण्यात कुणालाच ही भाषा येत नाही, बाबा.”

तुम्ही पाकीट परत घेतलंत, बराच वेळ हातात धरलंत. “म्हंजे त्यानं आपल्या भाषेत लिहिलं. त्याले मालूम आहे मले येत नाही. नातं तोडाचं होतं तं असं तोडलं.” दुसऱ्या दिवशी तुम्ही ती वही मायकडे चुलीत घालायला दिलीत. त्यानंतरचे चार महिने, तुम्ही गेलात तोपर्यंत, तुमच्या तोंडून एस्पेरांतोचा एक शब्द आला नाही. मायने म्हटलं, “रडले असते तं बरं झालं असतं.” तुम्ही रडलाही नाहीत.

आता मी मेहकरला मुलांना मराठी व्याकरण शिकवते. पेटीतलं पत्र मी आधी भाषांतरासाठी फोनसमोर धरलं. ते हस्ताक्षर त्याला लागेना. मग अक्षरं शिकले, मग भाषा, जवळजवळ वर्षभर. तुमच्या चिंचेच्या झाडावर चढले म्हणा. त्यांच्या हातच्या लिखाणात ‘द’ अक्षर इंग्रजी जीसारखं दिसतं, ‘व’ बीसारखं आणि ‘र’ पीसारखं. पहिल्यांदा तो दुसरा शब्द लावला तेव्हा मी मोठ्याने वाचला. देवेरे.

बाबा, देवेर म्हणजे दीर. आपल्या शेगावच्या बाजारात हिंदी बोलणारी कुठलीही बाई ज्याला देवर म्हणेल, तो. आणि हाक मारताना त्याचं ‘देवेरे’ होतं, आपल्या संबोधनासारखं. एस्पेरांतोत दीर, मेहुणा, साडू सगळ्यांना एकच शब्द आहे आणि हाकेसाठी वेगळं रूपच नाही. पत्र तुमच्या मित्राच्या बायकोचं होतं. “प्रिय दीरा, माझा नवरा गेला. तुम्हाला तो भाऊ म्हणायचा. तुमची ती भाषा मला येत नाही, त्याने कितीदा शिकवायचा प्रयत्न केला. माझ्याजवळ आहे त्याच भाषेत लिहिते. कुणाकडून तरी वाचून घ्या.” एवढंच. मी नुसता तो शब्द तुमच्यासमोर नीट उच्चारला असता तरी तुम्ही उठून बसला असतात.

पुण्यात वाचणारे होते, बाबा. रशियन शिकवून निवृत्त झालेले एक प्राध्यापक होते, त्यांना ही लिपी यायची. मी त्यांच्या दारापर्यंत गेले. आत कुणीतरी स्वच्छ, सुंदर मराठीत बोलत होतं. माझे वडील डोणगावला खिळे जुळवायचे आणि असली भाषा शिकले, हे त्या दारात सांगायचं मला जमलं नाही. घंटा न वाजवता मी जिना उतरले.

मागच्या महिन्यात मी त्या बाईंच्या पत्त्यावर उत्तर टाकलं. त्या जिवंत असतील का, माहीत नाही. सर्बियनमध्ये लिहिलं, विभक्त्या चार वेळा तपासून. तुमचं पत्र माझ्या वडिलांना तेव्हाच वाचून दाखवलं होतं, असं लिहिलं. ते ऐकून ते खूप रडले, असंही लिहिलं.