चाळीस ओळींचा कचरा

डिचोली, १२ फेब्रुवारी २००६

ती. गौरवीताईस, धाकटा आतेभाऊ रुद्रेश याचा कान धरून नमस्कार.

तुझी आणि भावोजींची तब्येत बरी असावी. फोंड्याचं पाणी मानवलं का? इकडे सर्व ठीक आहे असं लिहायची रीत म्हणून लिहितो. ठीक काहीएक नाही. तू माझा फोन उचलत नाहीस (मीही उचलला नसता), म्हणून हा कागद.

मुळगावच्या कमलकाकीचं वायंगणाचं भातशेत बुडालं ते तुझ्या प्रोग्रामामुळे नव्हे, माझ्यामुळे. सांगितलं एकदाचं! तू लग्न होऊन गेलीस आणि मामाच्या कारखान्यातले पंपांचे प्रोग्राम माझ्या गळ्यात आले. मी पुण्याहून शिकून आलेला, अक्कल उतू जात होती. तुझा सी भाषेतला प्रोग्राम मी एका तपासनीस सॉफ्टवेअरला दिला. हे सॉफ्टवेअर प्रोग्राम चालवून बघत नाही, नुसता वाचून चुका काढतं (लग्नात पानावर न बसताच आमटीला नावं ठेवणारी माणसं असतात, तसं). त्याने कळवलं, शेत भरल्यावर पंप बंद करणाऱ्या तुझ्या चाळीस ओळी कधीच चालणार नाहीत. त्या ज्या मॅक्रोवर, म्हणजे आधी ठरवून दिलेल्या नावावर, अवलंबून आहेत, तो कुठेच लिहिलेला नाही. मी सगळ्या फायली धुंडाळल्या. खरंच नव्हता.

ताई, तो तू लिहायचाच नव्हता गे! पंपाच्या पेटीतल्या चिपसाठी प्रोग्राम बांधताना कंपायलर, म्हणजे आपलं लिहिलेलं चिपच्या भाषेत उतरवणारा, ते नाव आपणहून, गुपचूप धरतो. मेजावरच्या संगणकासाठी बांधताना धरत नाही. आणि मी शहाण्याने तपासनीस बसवला मेजावरच्या संगणकावर, कंपायलरची नावं त्याच्या कानावर न घालता. जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर शेताच्या राखणदार देवाचं नाव नसतं, म्हणून त्याला नारळ न ठेवता कोण नांगर घालतो? मी घातला. ओळी पुसल्या, तो प्रोग्राम काकीच्या पंपात चढवला, वर मामाला छाती काढून सांगितलं की तुझ्या लेकीने चाळीस ओळी नुसता कचरा भरून ठेवला होता.

मग त्या रविवारी कमलकाकी पंप सुरू करून म्हापशाला लग्नाला गेली. संध्याकाळी परतली तर नव्याने लावलेल्या रोपांवर गुडघाभर पाणी, आणि पंप आपला इमानेइतबारे चालूच. मामा आणि मी धावलो. बांधावरूनच मामाने तुला फोन लावला आणि स्वतःच्या लग्नाच्या घाईत लोकांच्या पोटावर पाय दिलास, असं नको नको ते बोलला. मी शेजारीच उभा होतो. तोंडात काकीने लग्नातून आणलेला लाडू होता, पण ते निमित्त. गिळल्यावरही मी बोललो नाही. त्याची लाज वाटते, ताई. फार वाटते.

खरा प्रकार मला चार दिवसांनी कळला. कंपायलरलाच विचारलं, बाबा रे, तू आपणहून कुठली कुठली नावं धरतोस? त्याने भलीमोठी यादी काढली, तुझा मॅक्रो त्यात. जनेलाशी बाहेर बघत बसून रडलो, खोटं नाही सांगत. तुझ्या ओळी जशाच्या तशा परत घातल्या. पंप आता वेळेवर बंद होतो, काकीने अर्धी लावणी पुन्हा केली (चिखलात मीही होतो, कंबर अजून सरळ नाही). पण तू शिगम्याला माहेरी येणार नाहीस असा निरोप धाडलास, आणि तेव्हापासून मामा जेवताना तुझ्या जागेकडे पाठ करून बसतो.

तुझा अपराधी,
रुद्रेश

ता. क. मामाला मी अजून काही सांगितलेलं नाही. दोनदा तोंड उघडलं, दोनदा चहा मागितला. तूच फोन करून सांगशील का? माझं नाव जरा शेवटी घे.

ता. क. दुसरा. वरचं रद्द. पाकीट चिकटवायला भाताची शितं आणायला आत गेलो, तेवढ्यात मामाने मेजावरचं पत्र वाचलं. वाटलं, आता कानाखाली बसणार. पण त्याने धुतलेला शर्ट घातला, दोनदा चष्मा पुसला, आणि आता विचारतोय, फोंड्याची बस किती वाजता. पत्र तोच घेऊन येतोय. तुला ठाऊक आहे तो कसा आहे. बेल वाजवायचा नाही, बाहेरच उभा राहील. दार उघड गे.