कोंबड्या पाणी कुठे पितात

३ फेब्रुवारी, मंगळवार

काय झालं, ते क्रमाने.

१. काल सकाळी मी कामावर असताना आत्या पडली. उजवं मनगट मोडलं.
२. कशी पडलीस विचारलं, तर म्हणाली, कोंबड्यांना पाणी नेताना. परसात. बादलीसकट.
३. दवाखान्यात नर्सने तिच्या कोपराच्या जखमेतून बारीक खडी काढली. मग प्लॅस्टर.
४. संध्याकाळी दादाचा फोन. दादा म्हणजे आत्याचा मुलगा. लांब शहरात, अकराव्या मजल्यावर राहतो. त्याने ठरवूनच टाकलं होतं – कोंबड्या देऊन टाकायच्या, आत्याने त्याच्याकडे जायचं, घराला कुलूप.
५. आत्या काहीच बोलली नाही. एरवी ती फोन ठेवल्यावरही बोलत असते.
६. म्हणून मी बोलले. म्हटलं, बादली उचलावीच लागली नाही तर? दादा म्हणाला, "करून दाखव. एक मार्चला येतो. तिचं तिला जमत असेल तर राहू दे."

आतोबा गेल्यानंतर या घरात आत्या, सात कोंबड्या आणि दोन वर्षांपासून मी. हल्ली नऊ पिल्लंही. मी पंपांच्या कारखान्यात व्हॉल्व्ह तपासते. पाणी जाऊ नये तिथे जातंय का, हे दिवसभर बघते. सात कोंबड्यांना पाणी पाजणं म्हणजे काय मोठं!

हे शेवटचं वाक्य मुद्दाम खोडत नाही. नंतर हसायला उपयोगी पडेल.

५ फेब्रुवारी, गुरुवार

सध्याची पद्धत: एक लोखंडी घमेलं. कोंबड्या त्यात पाणी पितात, पाय बुडवतात आणि पुढचं लिहीत नाही. त्यामुळे ते रोज ओतायचं, घासायचं, भरून परत न्यायचं. दोन धड हात लागतात. आत्याकडे एक आहे. आज मी केलं. कामावर ओल्या सलवारीने गेले.

७ फेब्रुवारी, शनिवार

दाणेवाल्याच्या दुकानात गेले. त्याने विचारलं, पाणी मोठ्यांना की छोट्यांना? दोघांना म्हटल्यावर खूश झाला. पिल्लांसाठी उलट्या बरणीचं भांडं दिलं – खाली अरुंद काठाची ताटली, पितील तेवढंच पाणी बरणीतून उतरतं. मोठ्यांसाठी निपल. छोटी तोटी, मधे पितळी खिळा. चोचीने खिळा ढोसला की थेंब पडतो. पाणी झाकलेलं राहतं, पाय बुडवायची सोय नाही.

पैसे देताना त्याने विचारलं, "पण मॅडम, त्यांना शिकवणार कोण?"

मी म्हटलं, मी.

तो मागे वळून पोती मोजायला लागला. खांदे हलत होते.

८ फेब्रुवारी, रविवार

पिल्लांचं भांडं: तीन प्रयत्न.

पहिल्यांदा जमिनीवर ठेवलं. पिल्लांनी उकरून उकरून ताटली भुशाने भरली. दुसऱ्यांदा विटेवर ठेवलं. वीट कलती होती, अख्खी बरणी एका बाजूने रिकामी झाली आणि एक पिल्लू भिजून गोटीएवढं झालं. ते माझ्या ओढणीत वाळवलं. तिसऱ्यांदा कारखान्यातली स्पिरिट लेव्हल लावून वीट बसवली, काठ पिल्लांच्या पाठीच्या उंचीला आणला, ताटलीत काचेच्या गोट्या टाकल्या – आता कुणी बुडणार नाही. पितात! गोट्यांनाही टोचे मारतात, पण पितात.

आत्या ओसरीवरून बघत होती. म्हणाली, "पाणी देतेयस की बंगला बांधतेयस?"

मोठ्यांचं: झाकणाची बादली भिंतीवर उंच, तिच्यातून पाइप, पाइपाला चार निपल. बादलीला तळाशी एक छोटा नळ, धुण्यासाठी. आत्या निपल हा शब्द उच्चारत नाही. ती त्यांना टोच्या म्हणते. बरा शब्द आहे, मीही तोच घेते.

घमेलं कोठीत ठेवलं. टोच्यांसमोर सात कोंबड्या उभ्या केल्या. त्यांतली सगळ्यांत उंच, राखाडी – तिला आम्ही हेडबाई म्हणतो – तिने एका डोळ्याने टोचीकडे पाहिलं, मग दुसऱ्या डोळ्याने माझ्याकडे. मग सगळा वर्ग घेऊन निघून गेली.

"मीही नसते प्यायले," आत्या म्हणाली. "मान वर करून पाणी कोण पितं?"

संध्याकाळी माघार घेतली. घमेलं परत.

१० फेब्रुवारी, मंगळवार

आत्या म्हणते, तू समोर उभी राहतेस म्हणून त्या लाजतात. दिवसा मी शिकवते, तू कामावर जा. घमेलं पुन्हा कोठीत. बादलीवर मापाची पट्टी चिकटवली.

संध्याकाळी पाणी दोन लिटरने उतरलं होतं! आत्या म्हणाली, "बघ. प्यायल्या."

१४ फेब्रुवारी, शनिवार

रोज दोन लिटर. दादाला कळवलं. त्याने अंगठा पाठवला. अंगठ्यात कौतुक किती आणि शंका किती ते कळत नाही.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

एक गोष्ट खुपते आहे.

कडक ऊन – दोन लिटर. ढगाळ दिवस – दोन लिटर. काल दोघी खुडूक बसल्या, खुराड्यातून हलल्याच नाहीत – तरी दोन लिटर. बरोब्बर पट्टीच्या रेघेवर. आजवर एकही यंत्र माझ्याशी इतकं आज्ञाधारक वागलेलं नाही. कारखान्यात अशी आकडेवारी आली की आम्ही यंत्र तपासत नाही. आकडे लिहिणाऱ्याला चहाला बोलावतो.

आणि बादलीच्या नळाखालचा पुदिना यंदा कमरेपर्यंत येणार असं दिसतं.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी बादलीत गुपचूप बीटाचा रस कालवला. भरपूर. कोंबड्यांना अपाय नाही.

संध्याकाळची पाहणी: कोंबड्यांच्या चोची स्वच्छ. पुदिन्याखालची माती लाल. आत्याच्या डाव्या पायाची चप्पल गुलाबी.

म्हणजे मला बरं वाटावं म्हणून ही बाई रोज दोन लिटर पाणी मोजून पुदिन्याला घालते. जेवताना नुसतं विचारलं, चप्पल नवीन का? म्हणाली, रंग उतरलाय जुनीचा. उतरून गुलाबी!

२० फेब्रुवारी, शुक्रवार

पण मग कोंबड्या पाणी पितात कुठे?

घमेलं कोठीत नाही. खुराड्याच्या मागे आहे. लख्ख घासलेलं, काठोकाठ भरलेलं.

नळ सोडणं एका हाताचं काम आहे. घमेल्याचं नाही. उजवा हात पाठीशी बांधून मी स्वतः करून पाहिलं. चार पावलं जमलं, मग सगळं अंगावर.

तेव्हा इथे आणखी दोन हात आहेत. कोणाचे?

२१ फेब्रुवारी, शनिवार

अर्ध्या दिवसाची रजा टाकली. मागच्या बोळातून आले.

मागच्या घरात ड्रायव्हरकाका राहतात. जन्मभर बस चालवली, आता निवृत्त, एकटेच. रस्त्यात दिसले की "काय इंजिनीअर" म्हणतात, एवढीच ओळख. तर ड्रायव्हरकाका आमच्या परसात उकिडवे बसून घमेलं घासत होते. आत्या पालथ्या डब्यावर बसून घासण्यातल्या चुका दाखवत होती. भिंतीला त्यांची स्कूटर टेकवलेली. तिचा उजवा आरसा फुटलेला.

काका विचारत होते की मैदानावर पुन्हा कधी जायचं. आत्या म्हणाली, "हात सुटू दे आधी. आणि या वेळी ब्रेक कुठला ते अगोदर सांगा."

शाळेमागच्या मैदानावर सगळी खडी आहे. आमच्या परसात मऊ माती. हे मी तीन तारखेला स्वतःच्या हाताने लिहिलंय, आणि वाचलं नाही.

मी फाटकातून नुसतं म्हटलं, "खडी."

काकांच्या हातून घमेलं सुटलं. आत्याच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. म्हणाली, "लवकर आलीस."

खोटं का सांगितलंस, विचारलं. ती म्हणाली, "कोंबड्यांपायी पडले म्हटलं की लोक हळहळतात. स्कूटरवरून पडले म्हटलं की वय विचारतात." मग प्लॅस्टरवरचा चुना खरवडू लागली. "दादा कोंबड्यांवरच उठेल हे मला काय माहीत? आता खरं सांगितलं तर मलाच उचलून नेईल."

ती घाबरलेली मी पहिल्यांदा पाहिली. अकराव्या मजल्याला घाबरलेली.

मी म्हटलं, स्कूटरचं माझ्या तोंडून जाणार नाही. पण पाण्याचं मी खोटं दाखवणार नाही. एक तारखेपर्यंत कोंबड्या खरंच टोच्यांनी पाणी प्यायला हव्यात.

"आणि पुदिना?" काकांनी विचारलं.

पुदिन्याचं बंद.

२२ फेब्रुवारी, रविवार

चूक सापडली. माझीच.

टोच्यांची उंची मी हेडबाईला मोजून ठरवली होती. बाकीच्या सहा तिच्या खांद्याला लागतात. त्यांना पाणी प्यायला उडी मारावी लागली असती. जिची पोच होती ती हट्टी, आणि ज्या प्यायल्या असत्या त्या बुटक्या.

पाइप खाली आणला. बुटकीने मान ताणली की चोच लागेल इतका. हेडबाई वाकेल. वाकू दे.

काकांनी खिळा नखाने हलवून थेंब लोंबता ठेवला. ऊन पडलं, थेंब चमकला. बराच वेळ काही नाही. मग एका बुटकीने चमकत्या थेंबाला टोच मारली. तोंडात पाणी आलं. तिने इकडेतिकडे पाहिलं, पुन्हा टोच मारली. आणि हेडबाई धावत आली, तिला ढकलून स्वतः प्यायली. जणू हे सगळं तिनेच शोधून काढलं.

घमेलं काका त्यांच्या घरी घेऊन गेले. म्हणाले, पुरावा नको.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

दीड लिटर. दोन. पावणेदोन. उन्हात अडीचच्या जवळ. वेडेवाकडे आकडे. खरे आहेत.

आज बादलीला तरंगता व्हॉल्व्ह बसवला. पाणी उतरलं की गच्चीवरच्या टाकीतून आपोआप भरेल. आत्याला आठवड्यातून एकदा झाकण पुसायचं, पिल्लांची बरणी धुवायची. दोन्ही डाव्या हाताने जमतं. मी तिच्याकडून तीनदा करून घेतलं. तिसऱ्यांदा तिने मला बाईसाहेब म्हटलं.

१ मार्च, रविवार

दादा आला. थेट परसात गेला. टोचीखाली बोट धरलं, हेडबाईने ते टोचलं. तो लहानपणीसारखा हसला. आत्याने त्याच्यासमोर डाव्या हाताने बरणी धुऊन, भरून, उलटी करून विटेवर ठेवली. एक थेंब सांडला नाही.

जाताना फाटकाशी मला म्हणाला, "पाण्याचं तू जिंकलीस. पण प्रश्न पाण्याचा नव्हताच गं. आई एकटी आहे. उद्या तुझी बदली झाली तर?"

कुठल्याच व्हॉल्व्हने हे सुटत नाही. आत्या मागे उभी होती, तिने ऐकलं.

३ मार्च, मंगळवार

संध्याकाळी आत्याने तिचा फोन माझ्या हातात दिला. "दादाला लिही. तू लिहितेस तसं, आकडे घालून." ती सांगत गेली, मी लिहीत गेले. तिसऱ्या आकड्यावर माझा अंगठा थांबला. "थांबलीस का?" म्हणाली. "जोडाक्षर येत नाही?"

पाठवलं ते इथे उतरवून ठेवते.

१. मी तुझ्याकडे राहायला येत नाही. रागावून नाही.
२. मी कोंबड्यांपायी पडले नाही. स्कूटर शिकत होते. हात सुटल्यावर पुढचं शिकणार आहे.
३. मी एकटी नाही. मागच्या घरचे ड्रायव्हर आणि मी पुढच्या महिन्यात कचेरीत जाऊन लग्न करतोय.
४. तीन साक्षीदार लागतात. त्यांचा एक मित्र आहे, एक ही लिहिणारी आहे. तिसरा तू होणार का, ते शनिवारपर्यंत कळव.