कडेला फुटणारी काच

दि. ३ जून

चि. छोटीस,

अनेक आशीर्वाद. तुझं धमकीवजा पत्र पोचलं. वर्षअखेरपर्यंत दुकानात तयार माणूस उभा राहिला नाही, तर तुझा अर्धा हिस्सा शेजारच्या चपलावाल्याला विकणार म्हणतेस. खुशाल विक. अर्ध्या दुकानात चपला आणि अर्ध्यात आरसे, गिऱ्हाइकांची सोयच होईल.

चौथा माणूसही काल गेला. मी हाकलला नाही, फक्त हातातला कटर काढून घेतला आणि आडनावाचा उद्धार केला. रेघ बरी सुरू करायचा. पण काच नेमकी कडेला येऊन फुटायची. आधीच्या तिघांचंही तेच. हल्लीच्या माणसांत काम शेवटाला न्यायची दानतच नाही.

शिकवत नाही हा तुझा आरोप जुना आहे. अण्णांच्या दुकानात शिकवत कधीच नव्हते. माणसाने उभं राहायचं, बघायचं, तोंड बंद ठेवायचं. मी तसाच शिकलो. डॉक्टर म्हणतो हाताला कंप आहे, काच सोडा. त्याला काय कळतंय काचेतलं? माझी एक तरी काच फुटते का?

एवढी हौस असेल तर तूच दे धाडून एखादा नग.

तुझा,
दादा

दि. ९ जून

ती. दादास,

सा. न. वि. वि. नग धाडते आहे. माझ्या धाकट्या नणंदेची लेक. तीन वर्षं औषधांच्या दुकानात होती, हात स्थिर आहे आणि डोकं जागेवर आहे. एकच खोड म्हणशील तर कळल्याशिवाय पुढे जात नाही, विचारते. विचारलं की उत्तर द्यायचं, ही माझी अट.

अण्णांचे दाखले मला नकोत. त्यांच्या हाताखाली पाच जण आले आणि चार पळाले. तू टिकलास, कारण तू त्यांचा मुलगा, माडीवरच झोपायचास, पळणार कुठे? मी दवाखान्यात नव्या नर्सना शिकवते. त्यांनी तोंड बंद ठेवलं तर तिथे माणसं दगावतील.

कंपाचं मनावर घे. तुझ्यानंतर कापणारं कोणी नसेल, तर दुकान तसंही संपलंच. मग मी विकलं म्हणून गळा काढू नकोस.

कळावे. लोभ परवडत असेल तर असू दे.

छोटी

दि. १४ ऑगस्ट

चि. छोटीस,

आ. वि. तुझी चौकशी-खिडकी सकाळी उघडते ती दिवे लावेपर्यंत बंद होत नाही. रेघेवरून कटर दुसऱ्यांदा का फिरवायचा नाही? चाक रॉकेलमध्ये कशाला बुडवायचं? मोठी काच उभीच का ठेवायची? न्हावी परवा नव्या आरशाचं माप द्यायला आला होता. त्याच्यादेखत मला विचारते, मामा, रेघ मारताना श्वास धरता का? तो फिदीफिदी हसला. चाळीस वर्षं काच कापतोय, श्वासाचा हिशोब आजवर कुणी मागितला नव्हता.

शेवटी सांगून टाकलं की यापुढे एक जरी प्रश्न आला, तरी गाडीत बसवून देईन. तेव्हापासून गप्प आहे. माझ्या हाताकडे टक लावून बघत बसते आणि भंगारातल्या तुकड्यांवर नुसता हात फिरवून बघते. झालं की नाही तिचं शिक्षण सुरू? तुझ्या अटीने काही झालं नव्हतं.

आशीर्वाद आहेतच, तू घेत नाहीस ही गोष्ट वेगळी.

दादा

दि. २० सप्टेंबर

छोटी,

मायना लिहायची इच्छा नाही. तुझ्या माणसाला काल दुकानातून काढलं.

न्हाव्याचा मोठा आरसा कापायचा होता. म्हटलं, बघ बघ बघितलंयस, आता कर. न्हावी समोर उभा. रेघ मारली, बरी मारली. आणि कडेशी आल्यावर तिने मनगटाला एक झटका दिला. माझ्या हाताला बसतो तसा, हुबेहूब. माझी नक्कल! माझ्याच दुकानात, माझ्याच गिऱ्हाइकापुढे! न्हावी हसला. आरसा तडकला, तुकडा तिच्या तळहातात घुसला.

दुखण्याची टिंगल करणारं माणूस मला उंबऱ्याच्या आत नको, असं सांगून मी तिला तशीच बाहेर काढली. दवाखान्यात न्हावी घेऊन गेला, मी गेलो नाही आणि त्याची मला लाजही नाही. हे असलं माणूस तू निवडलंस. चपलावाल्याला बोलाव. मी सही करतो.

दादा

दि. २६ सप्टेंबर

दादा,

मीही मायना घालत नाही.

पोरगी माझ्याकडे आहे. तळहाताला सात टाके पडलेत. रडते आहे, पण हातासाठी नाही. आपण नेमकं काय चुकलो, हे तिला अजून कळलेलं नाही.

मी खोदून खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, मामा रेघ संपताना मनगटाला असा झटका देतात, प्रत्येक वेळी देतात, ती त्यांची खुबी असणार. आठ-आठ दिवस तिने त्या झटक्याचा सराव केला. न्हाव्यापुढे तो बरोबर जमला म्हणून तिला आनंद झाला होता, दादा. तुझ्या हाताला कंप आहे हे तिला ठाऊकच नव्हतं. तू सांगितलं नाहीस. मीही तुझा मान राखायला गप्प बसले. आणि विचारायची तर तू बंदीच घातली होतीस.

बघून शिक म्हणालास. ती बघून शिकली.

चपलावाला रविवारी येतो आहे. यापुढे मला पत्र नको.

छोटी

दि. २ ऑक्टोबर

चि. चौकशी-खिडकीस,

आशीर्वाद. तुझ्या मामीने पत्र टाकायला मनाई केली आहे, म्हणून हे तुला. तिला वाचून दाखवायचं की नाही ते तू बघ.

रेघेवरून कटर दुसऱ्यांदा फिरवला तर चाक बोथटतं आणि काच रेघ सोडून भलतीकडेच फुटते. रॉकेलने चाक सुळकन चालतं, काचेची पूड अडकत नाही. मोठी काच आडवी ठेवली की स्वतःच्या भाराने मोडते. श्वास धरतो. आत्ता मुद्दाम एक रेघ मारून बघितली, हो, धरतो.

कडेला झटका का द्यायचा, हे तू विचारलं नाहीस, कारण मी विचारू दिलं नाही. द्यायचा नसतो. तो माझा आजार आहे. झटका यायच्या आधी मी चाक काचेवरून उचलतो, म्हणून माझं निभावतं. बघणाऱ्याला ते उचलणं दिसत नाही, झटका तेवढा दिसतो.

तुझ्याआधी चौघे होते. चौघांचीही काच कडेलाच फुटली आणि चौघांनाही मी नालायक म्हणालो. त्यांना हे कळवायचं म्हणून कालपासून धडपडतो आहे, पण पत्र टाकू कुठे? कुठे राहतोस, एवढंसुद्धा मी एकालाही विचारलं नव्हतं.

दुकान गेलं तर माझ्या कर्माने जाईल. राहावं असं वाटतं. तू आलीस तरच राहील. येच असं म्हणायला मला तोंड नाही, आणि लोभ असावा असं लिहायलाही नाही.

टाके निघाले का? मूठ मिटते का पुरती?

मामा