चौथ्या मिनिटाचा आवाज

उधना, सुरत
९ फेब्रुवारी २०२५

प्रमोद,

सप्रेम जयभीम. आम्ही बरे आहोत. आईचा गुडघा थंडीत आखडतो, एवढंच. मी अजून इथल्या पर्वत पाटिया भागातच, साड्यांच्या डिझाइनच्या ऑफिसात. तुझा पुण्याचा पत्ता शकूमावशीकडून घेतला. "माझ्या लेकाला काय लिहिणार?" असं तिनं विचारलं. मी सांगितलं नाही. फोन केला असता, पण फोनवर तू हसून विषय बदलतोस.

आपल्या टेक्नो संगीताच्या ग्रुपमध्ये महिनाभर एकाच रेकॉर्डवरून भांडण चाललंय. बनवणाऱ्यानं नाव दिलेलं नाही. निम्मे म्हणतात, बेस गढूळ आहे, किकचा ठोका दबलाय, मास्टरिंग करणाऱ्याचे कान तपासा. बाकीचे म्हणतात, हा मळ मुद्दाम ठेवलाय, तीच त्याची ताकद. एरवी एका ठोक्यावरून दोन दिवस वाद घालणारा तू यावर एक अक्षर बोलला नाहीस. मला तिथूनच संशय आला.

मग मी हेडफोन लावून ऐकलं. लोक ज्याला ड्रम मशीन म्हणतात ते कापड विणायचे लूम आहेत. चौथ्या मिनिटाला एक माणूस काहीतरी बोलतो. बेंगळुरूचा एक जण म्हणाला, ही पोलिश भाषा आहे. दुसरा म्हणाला, चुकून राहिलेला आवाज आहे, कापायला हवा होता.

ती अहिराणी आहे, प्रमोद. "थांब रे भो, धागा तुटना." धागा तुटला म्हणून थांबायला सांगणारे ते माझे बाबा आहेत.

हे रेकॉर्ड झालं त्या दुपारी लूमच्या कारखान्यात बाबांसोबत आपण दोघंच होतो. रेकॉर्डर तुझा होता. बाबा गेले तेव्हा तू पुण्यानुमोदनालाही आला नाहीस, आणि आता त्यांचा आवाज विकतोस? विचारलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं का? कदाचित म्हटलं असतं. म्हणूनच विचारलं नाहीस ना?

आता माझं सांगते. ग्रुपमधला तो 'धुडकू', ज्यानं नंतर पुन्हा पुन्हा 'घाणेरडं प्रॉडक्शन' असं लिहिलं, ती मी. चिडून तू बोलशील, असं वाटलं होतं. त्याऐवजी काल रेकॉर्ड कंपनीची सूचना आली: तक्रारींमुळे साफ केलेली आवृत्ती येणार, जुनी काढून टाकणार.

तू तेव्हा पाठवलेलं ते रेकॉर्डिंग माझ्याकडे उरलेलं नाही. तू आला नाहीस त्या दिवशी रागात मीच ते पुसलं. आई अधूनमधून म्हणते, "तो कारखान्यातला आवाज लाव ना एकदा." मी म्हणते, फोन बिघडलाय.

हे तुझंच काम असेल, तर साफ करू नकोस.

विशाखा


पुणे
१७ फेब्रुवारी

विशाखा,

जयभीम. ते मीच केलंय. विचारायला हवं होतं.

साफ करून पाहिलं होतं. लूमची घरघर काढली की सोमाकाकांचा आवाज पातळ होतो, कुणा परक्याचा वाटतो. म्हणून पहिल्यापासून गढूळच ठेवलं. तक्रारी वाढल्या तशी कंपनी मागे लागली आणि मी हो म्हणून बसलो. काल नकार कळवला. यापुढे माझं एकही रेकॉर्ड बाजारात आणणार नाही, असं त्यांनी सांगितलंय. ठीक आहे.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी मी खोलीत हेच ऐकत बसलो होतो. त्यात काका बोलत होते. तिथे आलो असतो तर ते गेले हे मानावं लागलं असतं. हे कारण पुरेसं नाही, मला ठाऊक आहे.

सोबत पेन ड्राइव्ह आहे. तुला तेव्हा पहिली सहाच मिनिटं पाठवली होती. ही अख्खी अकरा आहेत. तू पाणी आणायला बाहेर गेलीस तेव्हा काका मला विचारतात, "विशाखा जेवनी का?" तेवढं मी कुणाला ऐकवलं नाही. मावशीसोबत ऐक.

न विचारता घेणारा,
प्रमोद